घरातल्या माणसाला जन्मठेप झाली तर

भावाच्या खटल्याचा निकाल लागला त्या दुपारी, जन्मठेप म्हणजे किती वर्षं याचे मला तीन आकडे मिळाले. वकिलाचा कारकून म्हणाला चौदा वर्षं. पणजीच्या बसस्टँडवर सोडणारा पायलट, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाला, म्हणाला वीस. आणि संध्याकाळी घरी आलेल्या आमच्या ग्रामपंचायतीच्या पंचाने आईला सांगितलं की जेलात दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात, म्हणजे खरी सातच. आईने सात धरून ठेवली. मरेपर्यंत ती मला विचारायची, सात झाली ना गं?

तिन्ही आकडे चूक. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सुप्रीम कोर्टाने हे १९६१ मध्येच, गोपाळ गोडसेच्या प्रकरणात, सांगून ठेवलंय. वीसचा आकडा जुन्या दंडसंहितेच्या ५७ कलमातून आलाय आणि तो शिक्षेचे हिस्से काढायच्या गणितापुरता आहे. चौदाचा आकडा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३-अ कलमातला, १९७८ मध्ये घातलेला. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सरकार माफी देऊन सोडू शकत नाही. चौदा झाली की सोडतात, असं त्यात कुठेही नाही. दिवस-रात्र वेगळे मोजायची गोष्ट तर कुठल्याच पुस्तकात नाही. लोक दुसऱ्याच्या आईला बरं वाटावं म्हणून सांगतात.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. ब्लाउज शिवते. माझ्या धाकट्या भावाने, घरात त्याला बाबू म्हणतात, एप्रिल २०११ मध्ये आमच्या सख्ख्या चुलत भावाला कोयत्याने मारलं. काजूच्या भाटाच्या, म्हणजे बागेच्या, हद्दीवरून. त्याने केलं नाही असं आम्ही कधी म्हटलं नाही. रागाच्या भरात की ठरवून, एवढ्यावरच खटला होता, आणि कोर्टाला आमचं पटलं नाही. मी वकील नाही. पण चौदा वर्षांत चार फायली आणि तीन वह्या झाल्यात, आणि आता गावागावातून बायका माझ्याकडे ब्लाउजच्या निमित्ताने येऊन हळूच विचारतात. म्हणून एकदाच लिहून काढते.

पहिले साठ दिवस

निकालपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते. लगेच मिळायला हवी, कायद्यात तसंच आहे. ती मागून घ्या आणि दोन झेरॉक्स काढा. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायला साठ दिवस असतात. उशीर झाला तर कारण सांगून माफ करून घेता येतो, पण ते कारण पटवत बसायचं काम आणखी एक. आमच्याकडे निकालानंतर पहिले पंधरा दिवस रडण्यात आणि पुढचे वीस दिवस देवाला कौल लावण्यात गेले. कौल उजवा झाला. अपील तरीही वकिलालाच करावं लागलं.

पैसे नसतील तर अडून बसू नका. आतला माणूस अपिलाचा अर्ज थेट तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे देऊ शकतो, तो पुढे पाठवणं त्यांचं काम. आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो, मग घरचं उत्पन्न कितीही असो. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. आम्ही आईच्या पाटल्या मोडून एक वकील केला. सुनावणीला तो तीनदा आला नाही, आणि चौथ्यांदा आला तेव्हा बाबूला दुसऱ्याच्याच नावाने हाक मारली. मग विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेली वकीलबाई फाइल पूर्ण वाचून आली होती, तिच्या कागदांना रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. अपील २०१७ मध्ये फेटाळलं गेलं, तो भाग वेगळा. पण फुकटचा वकील म्हणजे वाईट वकील, हे डोक्यातून काढा. हायकोर्टानंतर सुप्रीम कोर्टात जायला नव्वद दिवस असतात, तेही याच मदतीतून जमतं.

आणखी एक गोष्ट जी निकालाच्या शेवटच्या पानावर असते आणि कुणी वाचत नाही. दंड. बाबूला जन्मठेप आणि दहा हजार दंड, न भरल्यास आणखी सहा महिने. आम्ही म्हटलं, जन्मठेपेवर सहा महिने काय जड? तीन वर्षं भरलाच नाही. एका जुन्या कैद्याने त्याला आत समजावलं की सुटकेचा कागद आला तरी ते सहा महिने वेगळे उभे राहतात. मग मी दोन गणपतींची शिलाई घालून भरला. पावती प्लॅस्टिकमध्ये घाला. तिची शाई उडते.

वही

दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची वही घ्या. पहिल्या पानावर अटकेची तारीख. बाकीचं सगळं या तारखेवर उभं आहे, कारण खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेत धरले जातात, जन्मठेपेतसुद्धा. त्याखाली कैदी क्रमांक, खटल्याचा क्रमांक, अपिलाचा क्रमांक, पोलीस ठाणं. मग प्रत्येक पानावर एक प्रकार: भेटी, मनीऑर्डरी, अर्ज (कधी दिला, कुणाकडे दिला, शिक्का मिळाला का), आजारपण, रजा. रजेच्या पानावर बाहेर आल्याची आणि परत गेल्याची तारीख, तीही वेळेसकट.

चोरीत आत गेलेल्याला सुटायची तारीख ठाऊक असते. तो उलटी मोजणी करतो. बाबू पहिल्या वर्षी म्हणायचा, "ताई, हांव खंयच्यान मोजूं?" मी कुठून मोजू? जन्मठेपेच्या माणसाला तारीख नसते. ती घरच्यांनी करून द्यावी लागते: अपिलाची तारीख, चवथीनंतरच्या भेटीची, परीक्षेची, रजेच्या अर्जाची. पुढची एक तारीख नेहमी त्याच्या हातात ठेवायची. मला विचाराल तर ही सगळी वही त्यासाठीच आहे.

भेट

बाबू आधी आग्वादला होता. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून कांदोळी, तिथून पुढे चढण. १६१२ चा पोर्तुगीज किल्ला, त्याच्या खालच्या अंगाला समुद्रालगत जेल. राममनोहर लोहियांना ठेवलं होतं तेच. जाळीपलीकडे माझा भाऊ आणि मागे लाटांचा आवाज, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागायचं. २०१५ मध्ये आग्वाद बंद करून सगळ्यांना कोलवाळच्या नव्या जेलात हलवलं. आग्वादला आता संग्रहालय झालंय, डिसेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं. भाचीच्या शाळेची सहल गेली तेव्हा मीही गेले. मुलं कोठडीत उभी राहून फोटो काढत होती. मी भेटीची रांग जिथे लागायची ती जागा शोधत होते. आइस्क्रीम खात शोधत होते, हेही सांगते.

कोलवाळ आम्हाला जवळ. महामार्गावर उतरायचं. निघण्याआधी फोन करून भेटीचा दिवस आणि वेळ विचारा, कारण ते बदलतं आणि गेटवरचा माणूस तुमच्या बसभाड्याची काळजी करत नाही. ई-मुलाकात म्हणून सरकारी पोर्टल आहे, त्यावर आधी नोंदणी करता येते आणि व्हिडिओवरची भेटही मागता येते. २०२० मध्ये करोनामुळे भेटी बंद झाल्या तेव्हा मी ते शिकले, दहावीतल्या शेजारच्या पोरीकडून. आधार कार्ड मूळच न्या. तुमचं नाव त्याने आत दिलेल्या नातेवाइकांच्या यादीत आहे ना, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. आमच्या मावशीचं नाव यादीत एक आणि आधारवर दुसरं, माहेरचं. ती वाळपईहून तीन बसगाड्या बदलून आली आणि तशीच परत गेली.

काय न्यायचं ते गेटवर विचारा. काय न्यायचं नाही ते मी सांगते: शिजवलेलं काही नाही, तंबाखू नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या माणसासाठी दिलेलं काहीही नाही. दुसऱ्या वर्षी रस्त्यावरच्या दुकानाजवळ एक बाई भेटली, फार गोड बोलली. "तुझ्या भावाच्याच बराकीत आमचा आहे, एवढी साबणाची वडी दे त्याला." वडी हाताला जड लागली. मी परत दिली. वडीत काय होतं मला आजही ठाऊक नाही, पण तुरुंगात बंदी असलेली वस्तू नेणं हा बाहेरच्या माणसासाठी गुन्हा आहे, आणि आतल्याची माफी, रजा सगळं त्यात जातं. साबणाच्या वडीपायी.

आणि बोलायचं काय? हे कुणी शिकवत नाही. पहिली दोन वर्षं मी "जेवलास?" आणि "बरा आहेस?" यातच वेळ घालवला. तो "हो" म्हणायचा. मग वेळ संपायची. पुढे त्याला शिवणकामाला घातलं. एका भेटीत तो म्हणाला, शर्ट काखेत ओढतोय, साहेब ओरडतात. मी काचेवर बोटाने मुंढा काढून दाखवला: खांद्यापासून खाली ये, इथे अर्धा इंच आत घे, मागच्या बाजूचा मुंढा पुढच्यासारखा खोल कापू नको. तो त्याच्या बाजूने काचेवर माझ्या बोटामागून बोट फिरवत होता. उलटं पडतंय म्हणून दोनदा काढलं. पाठीमागे उभा असलेला शिपाई म्हणाला, "बाई, माझ्या शर्टालाही तेच होतं." त्या दिवशी पहिल्यांदा भेट संपल्याचं आम्हाला दोघांनाही कळलं नाही. तेव्हा, कामाचं बोला. घराची कौलं, नळाचं बिल, काजूला भाव किती मिळाला. त्याला विचारून निर्णय घ्या, निदान एखादा.

आत त्याचा दिवस

हे मला भेटीत तुकड्या-तुकड्याने आणि रजेवर आल्यावर ओटीवर बसून कळलं. पहाटे उठणं, गिनती, चहा. मग काम, कारण सश्रम शिक्षा. कामाचा मोबदला मिळतो, तो खात्यावर जमा होतो. रक्कम फार नसते, पण १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कैद्याला कामाचे वाजवी पैसे दिलेच पाहिजेत. दुपारचं जेवण, पुन्हा काम, मग संध्याकाळचं जेवण ऊन असतानाच आणि त्यानंतर बंदी. म्हणजे बराकीला कुलूप. बाबू अर्धी चपाती रात्रीसाठी बाजूला ठेवायचा. बराकीतला दिवा रात्रभर चालू. रजेवर पहिल्यांदा आला तेव्हा अंधारात त्याला झोप येईना, मी देवाजवळची समई त्याच्या खोलीत ठेवली. आणि चंद्र. संध्याकाळीच आत घेतात तर रात्रीचं आकाश दिसणार कुठून? सहा-सात वर्षांनी पाहिलेला चंद्र बघत तो मावशीच्या खळ्यात बसून राहिला, डास फोडून खात होते तरी.

आत माणसाला कलमाने ओळखतात. खुनातला तो "तीनशे दोन". बाबू सांगतो, तीनशे दोनवाल्याशी नवीन पोरं सुरुवातीला दबकून असतात, आणि जुने अधिकारी त्याच्यावर जास्त विश्वास टाकतात. कारण चोरटा परत चोरी करतो. हद्दीवरून भांडून भावाला मारणारा बहुधा एकदाच मारतो. जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, आता खुनाचं कलम १०३. "ताई, आमचो नंबर बंद जालो," म्हणाला. जुन्या गुन्ह्यांना मात्र जुनंच कलम राहतं.

पहिलं वर्ष सगळ्यात वाईट. अपील फेटाळल्यानंतरचे महिने त्याखालोखाल. त्या काळात भेट चुकवू नका. बाबूचं वजन उतरलं, दाढी करेना, बोलताना माझ्या खांद्यामागे बघायचा. मी जेलच्या डॉक्टरांसाठी अर्ज लिहून गेटवर दिला. अर्ज दिला की पोच मागा, लाजू नका. पुढे त्याला शिकायची गोडी लागली. इग्नूचं शिक्षण कैद्यांना फीमाफ असतं. त्याने प्रमाणपत्राचा एक अभ्यासक्रम केला, मग पदवीला बसला, दोन विषय राहिलेत. हे सगळे कागद वहीत. पुढे लागतात.

पैसे पाठवायचे तर मनीऑर्डरवर त्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि कैदी क्रमांक. आमच्या तालुक्यातले दोन त्याच नावाचे आत आहेत. कॅन्टीनमधून तो बिस्किटं, साबण, पोस्टाची पाकिटं घेतो. जास्त पाठवू नका. ज्याच्या खात्यावर पैसे दिसतात त्याला मित्र फार होतात.

फर्लो आणि पॅरोल

दोन्हीला लोक "सुट्टी" म्हणतात आणि इथेच फसतात. फर्लो ठरावीक काळ काढल्यावर, वागणूक चांगली असेल तर मिळते, खास कारण लागत नाही, आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल कारणासाठी: मरण, आजारपण, लग्न, घर पडलं. पॅरोलचे दिवस चौदा वर्षांत धरत नाहीत. हा वाद गोव्याच्याच कैद्यांनी सुप्रीम कोर्टापर्यंत नेला होता. जानेवारी २०२३ मध्ये निकाल आला: गोव्याच्या तुरुंग नियमांखाली सुटकेसाठी प्रत्यक्ष चौदा वर्षं मोजताना पॅरोल वगळायचा. म्हणजे पॅरोलचा प्रत्येक दिवस शेवटी परत भरायचा. घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण भाचीच्या बारशासाठी घेऊ नका.

अर्ज केला की पोलीस ठाण्यातून अहवाल मागवतात: हा गावात आला तर काय होईल? आमच्या घरापासून काकूचं घर चाळीस पावलं. मेलेल्याची आई. पहिला अर्ज नाकारला गेला, शेरा होता की शांतता भंग होण्याची शक्यता. बरोबरच होतं ते. मी तेव्हा मूर्खपणा केला. कुणीतरी सांगितलं, त्यांच्याकडून हरकत नसल्याचं लिहून आण. मी गेले. हातात नारळ होता, का होता ते आज मलाही सांगता येत नाही. काकूने दार पूर्ण उघडलं नाही. म्हणाली, "तुजो येतलो गो. आज ना फाल्यां येतलो. माजो येवंचो ना." मी नारळ घेऊन परत आले.

त्यांच्या दारात जाऊ नका. कुठल्याही कागदासाठी नाही. पोलीस त्यांना विचारतील ते त्यांचं काम. तुम्ही त्यांच्याकडे सही मागणं म्हणजे दुसऱ्यांदा काहीतरी मागणं.

दुसऱ्या अर्जात आम्ही पत्ता बदलला. मावशीचं घर, सत्तरी तालुक्यात. अहवाल तिथल्या ठाण्याचा झाला आणि २०१८ मध्ये पहिली फर्लो मिळाली. तुमच्याही बाबतीत गुन्हा गावातच घडला असेल तर पहिल्यापासून दुसऱ्या नातेवाइकाचा पत्ता द्या. हमीदार लागतो. तो आधीच तयार ठेवा, आणि त्याला खरं सांगा की हा परत गेला नाही तर त्याच्या खिशाला बसेल. आमचे सख्खे मामा नाही म्हणाले. हमी दिली ती बाबूबरोबर दशावतारात स्त्रीपार्ट करायच्या मित्राने.

परत जायचा दिवस म्हणजे सकाळीच निघायचं. एकदा आमची बस घाटात बंद पडली आणि बाबू इतका घाबरला की चालतच निघाला. दुपारी पोचलो, वेळ होती, पण त्याच्या शर्टाची पाठ भिजलेली होती. एक दिवस उशीर झाला तरी पुढची रजा, माफी, शेवटचा अहवाल, सगळ्यावर त्याचा डाग पडतो.

मरणाचं वेगळं सांगते. आई २०१९ मध्ये गेली, शनिवारी रात्री. रविवारी कार्यालयात कुणी नव्हतं. कागद फिरून पॅरोल मंजूर होईपर्यंत बाबू आला तो बाराव्याला. आई महिनाभर अंथरुणाला होती. तेव्हाच डॉक्टरचं पत्र, सरपंचाचा दाखला जोडून अर्ज करायला हवा होता, म्हणजे जिवंतपणी भेट झाली असती. "अजून तसं काही नाही, उगाच कशाला" म्हणत मी थांबले. तुम्ही थांबू नका. आजारपणाचा अर्ज लवकर केला म्हणून कुणी मरत नाही.

चौदा भरताना

माफीचे दिवस, म्हणजे कामाबद्दल आणि वागणुकीबद्दल महिन्याला जमा होणारे, जन्मठेपेवाल्यालाही मिळतात. पण ते कितीही साठले तरी प्रत्यक्ष चौदा वर्षांच्या आत उपयोगाला येत नाहीत. राज्यपालांचा माफीचा अधिकार वेगळा आहे, घटनेच्या १६१ कलमातला, त्याला हे बंधन नाही. तो आमच्यासारख्यांच्या वाट्याला कितीसा येणार.

कालनिर्णयवर मी १४ एप्रिल २०२५ ला गोल केला होता, कारण अटक १४ एप्रिल २०११ ची. मग वही उघडली. आईच्या वेळचा पॅरोल पंधरा दिवस, २०२२ मध्ये पावसात घराची भिंत पडली तेव्हा तीस, २०२४ मध्ये माझं ऑपरेशन झालं तेव्हा तीस. पंच्याहत्तर. गोल खोडून २८ जूनला केला. वही नसती तर एप्रिलमध्ये अर्ज गेला असता आणि "मुदत पूर्ण नाही" म्हणून परत आला असता. असे परत आलेले दोघे मला ठाऊक आहेत.

मुदत भरली की प्रकरण शिक्षा पुनर्विलोकन मंडळापुढे जातं. तुरुंगाचा अहवाल, पोलिसांचा, प्रोबेशन अधिकाऱ्याचा, आणि ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथल्या न्यायाधीशांचं मत. २००० सालच्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने काय पाहायचं ते सांगितलंय: गुन्हा एकट्या-दुकट्याच्या भांडणाचा होता की समाजाला धक्का देणारा, परत करेल का, करायची ताकद उरलीय का, आणखी आत ठेवून काही साधणार का, घरची स्थिती कशी. या पाच प्रश्नांसमोर तुमचे कागद लावा. शिवणकामाचा दाखला, इग्नूची गुणपत्रिका, वेळेवर परत आल्याच्या रजेच्या नोंदी, दंडाची पावती, आणि तो येऊन राहील कुठे, करील काय, हे लिहिलेलं पत्र. मी लिहिलंय की माझ्याकडे दुसरं मशीन आहे आणि तो सत्तरीत राहील. मत देताना कारणं द्यावी लागतात, हेही कोर्टाने सांगितलंय, म्हणून नुसतं "शिफारस नाही" असं आलं तर तेवढ्यावर सोडू नका, विधी सेवेच्या वकिलाला दाखवा. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही म्हटलंय की सरकारचं सुटकेचं धोरण असेल तर पात्र कैद्याचा विचार त्याने अर्ज न करताही व्हायला हवा. तरी अर्ज कराच. शिक्का घ्या.

प्रोबेशन अधिकारी बाई घरी आल्या तेव्हा मी चहा केला. त्यांनी घेतला नाही, नियम असेल. मागचं अंगण बघितलं, मशीन बघितलं, मग चाळीस पावलं चालून काकूकडे गेल्या. तिथे अर्धा तास होत्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

या दरम्यान करायची किरकोळ कामं: रेशनकार्डातून नाव कमी झालंय का बघा. बँकेच्या खात्याला दहा वर्षं हात लागला नसेल तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. ते मागून परत मिळतात, पण केवायसीपासून सगळं नव्याने. रजेवर असतानाच आधारचे बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या. आणि त्याला रस्ता ओलांडायला शिकवा. हसू नका. म्हापशाला बाबू महामार्गाच्या कडेला वीस मिनिटं उभा होता. तो आत गेला तेव्हाचा रस्ता आता राहिलेला नाही. मोपाच्या नव्या विमानतळाचं विमान काजूच्या भाटावरून खाली आलं तेव्हा तो खाली बसला, मग उठून हसला, मग विचारलं, हद्दीचा दगड अजून तिथेच आहे का. आहे. काजू आता दोन्ही घरं वेचत नाहीत, पडून कुजतात.

फाइल मंडळापुढे आहे. पुढची तारीख येत्या गुरुवारची, भेटीची. न्यायचं ते लिहून ठेवलंय: गुणपत्रिकेची झेरॉक्स, अर्जाची पोच, पोस्टाची पाच पाकिटं, साध्या दोन बनियन, साइझ ८५. आत गेला तेव्हा ९५ लागायची.